दीड जीबीनंतरचा तालुका

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात मोबाईलचं नेट मंदावतं त्याची कारणं तीन: डोंगर, गर्दी आणि नियम. डोंगर सह्याद्रीचा आहे, त्याला कुणी दोष देत नाही. गर्दी सणासुदीला आणि रोज संध्याकाळी होते, तीही समजते. तिसरं कारण मात्र माणसांनी लिहिलेलं आहे. दिवसाचा ठरलेला डेटा वापरून झाला की त्या सिमकार्डाचा वेग एका ठरावीक आकड्यावर आणून ठेवायचा, असा तो नियम. आज देशातल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांच्या बहुतेक दैनंदिन डेटाच्या योजनांत हा आकडा 64 केबीपीएस आहे, आणि बीएसएनएलच्या अनेक योजनांत 40 केबीपीएस.

फोनच्या पडद्यावर या तिन्ही कारणांचं रूप एकच असतं. गोल चक्र फिरत राहतं. त्यामुळे आंब्याच्या घाटमाथ्यावरचा माणूस, कासारी नदीच्या उगमाकडच्या गजापूरचा माणूस आणि मलकापूरच्या बाजारपेठेत टॉवरच्या सावलीत उभा असलेला माणूस तिघंही एकच वाक्य बोलतात: ‘रेंज न्हाई.’ यातल्या तिसऱ्याला रेंज पूर्ण असते. वरच्या कोपऱ्यात सगळ्या दांड्या भरलेल्या असतात, फोर-जी किंवा फाइव्ह-जी लिहिलेलं असतं. अडवलेला असतो तो वेग, आणि तो अडवला आहे हे त्याला कुणी धडपणे सांगितलेलं नसतं.

रिचार्जच्या कुठल्याही दुकानात हा संवाद कानावर पडतो.

‘दादा, अनलिमिटेड म्हणून मारलं न्हवं? मग दुपारपासनं काहीच का उघडंना?’

‘मावशी, दीड जीबी संपली बघा. रात्री बारानंतर परत सुरू हुतंय.’

‘मग पैसं तर महिन्याचं घेतलंय की.’

दुकानदाराकडे याला उत्तर नसतं. तो एकोणीस किंवा बावीस रुपयांचं जादा डेटाचं पाकीट मारून देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मावशींचा प्रश्न मात्र खरा आहे. तो दूरसंचार नियामकापर्यंत, म्हणजे ट्रायपर्यंत जायला हवा, असं मला वाटतं. का, ते नीट मांडायचं तर आधी हा आकडा आला कुठून ते पाहावं लागेल.

चौसष्टचा जन्म

2016 च्या आधी एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरायची वस्तू होती. थ्री-जीच्या एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे. 5 सप्टेंबर 2016 ला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि हे गणित उलटं झालं. सुरुवातीच्या मोफत योजनेत दिवसाला चार जीबी मिळत होते, त्यापुढे वेग 128 केबीपीएसवर येत होता. जानेवारी 2017 पासून चार जीबीचा एक जीबी झाला. मोफतचे दिवस संपल्यावर ‘रोज इतका डेटा, सोबत अमर्याद कॉल’ ही रचना बाजारात पक्की बसली. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया यांनाही तीच वाट धरावी लागली. पुढे 128 चे 64 झाले आणि तो आकडा तिथेच राहिला.

या बदलाने शाहूवाडीसारख्या तालुक्याचं भलं झालं, हे आधी कबूल करायला हवं. या तालुक्यातली घरं कित्येक पिढ्या मुंबईवर उभी आहेत. गिरण्यांच्या काळापासून एक भाऊ शेतावर आणि एक भाऊ मुंबईत ही वाटणी इथे ठरलेली. जी बातचीत पूर्वी पत्रावर आणि मग एसटीडी बूथवर चालायची, ती स्वस्त डेटामुळे रोज संध्याकाळी तोंड पाहून होऊ लागली. धनगरवाड्यावरच्या आजीला परळच्या नातवाचा पहिला दात पडद्यावर दिसला. भारतात डेटा जगातल्या सर्वांत स्वस्त दरांत मिळतो, हे खरं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे.

पण 2016 मध्ये डेटा ही करमणुकीची आणि गप्पांची गोष्ट होती. तेव्हा कोटा संपला तर पिक्चर बंद पडायचा, एवढंच. त्यानंतरच्या वर्षांत सरकार स्वतः मोबाईलवर राहायला आलं. कामं बदलली, कोट्यानंतरचा आकडा मात्र जुन्याच काळातला राहिला. सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे.

आठ किलोबाइटचं जग

64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाला आठ किलोबाइट. एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. आजचं साधारण संकेतस्थळ दोन-अडीच एमबीचं असतं, ते पूर्ण उघडायला पाच मिनिटं. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला तीन एमबीचा फोटो वर चढवायला सव्वासहा मिनिटं. आणि हा हिशेब वाटेत काहीही न अडता, एकही तुकडा न गळता सगळं सुरळीत चाललं तरचा आहे. बीएसएनएलच्या 40 केबीपीएसवर हाच फोटो दहा मिनिटं खातो. ज्या ठिकाणी फोर-जीचा वेग 20 एमबीपीएस मिळतो, तिथे कोटा संपताच तो तीनशे पटींनी खाली येतो.

या वेगात काय चालतं? व्हॉट्सॲपचा लिखित निरोप जातो. यूपीआयचे पैसे बरेचदा जातात, कारण त्या व्यवहाराचे निरोप अगदी छोटे असतात. साधा कॉल आणि एसएमएस यांचा डेटाच्या कोट्याशी संबंधच नाही, ते चालू राहतात. काय चालत नाही? फोटो, नकाशा, व्हिडिओ कॉल, आणि अर्ज भरायची जवळपास सगळी सरकारी संकेतस्थळं.

या शेवटच्या गोष्टीत एक बारकावा आहे. ओटीपी एसएमएसने येतो, म्हणून तो वेळेत पोचतो. पण तो जिथे भरायचा ते पान अजून उघडत असतं. पान उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा मागवावा तर पानाची मुदत संपते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं सगळे म्हणतात. कधी ते खरंही असतं. पण दुपारी कोटा संपलेल्या फोनवर सर्व्हर जागा असला तरी फरक पडत नाही.

आणखी एक गुणाकार करून पाहू. 64 केबीपीएसचा वेग चोवीस तास, एक सेकंदही न थांबता वापरला तर दिवसभरात साधारण 690 एमबी डेटा उतरतो. म्हणजे दीड जीबी दिवसाच्या योजनेत, अगदी सगळं गणित ग्राहकाच्या बाजूने धरलं तरी, दिवसाला सव्वादोन जीबीच्या पुढे जाताच येत नाही. मर्यादा आहे, ती मोजता येते आणि कंपनीला ती नेमकी माहीत आहे. मग ती ग्राहकालाही रिचार्ज करण्याआधी तितक्याच ठळक अक्षरांत कळायला हवी.

शेताच्या बांधावर

आता हा आकडा तालुक्यात फिरवून पाहू.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जायचं, ॲपमध्ये गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढवायची. नुकसान झालं तर भरपाई, पीककर्ज, विमा यांना या नोंदीचा आधार लागतो. शाहूवाडीत खरिपाचं मुख्य पीक भात. डोंगरउतारावर नाचणी, खाली नदीकाठी ऊस. पाहणीची मुदत पावसाळ्यात असते आणि या तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस म्हणजे चार-चार दिवस ढगांत राहणं. खाचरात चिखल, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, हातात फोन. अशा जागी डोंगर आधीच वेग खातो. त्यात सकाळी पोरानं क्रिकेट बघितलं असेल आणि कोटा संपला असेल, तर जोडणीच होत नाही.

‘पोरानं बघितलं’ हे वाक्य सहज लिहिलं, पण ते महत्त्वाचं आहे. कोटा माणसागणिक नसतो, सिमकार्डागणिक असतो. खेड्यातल्या घरात स्मार्टफोन अनेकदा एकच चांगला असतो आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर चालतात. शहरातल्या घरात भिंतीवर वायफाय असतं. तिथे मोबाईलचा दीड जीबी रस्त्यात वापरायला असतो. इथे तोच दीड जीबी म्हणजे सगळ्या घराचं नेट: मुलीचा अभ्यास, बापाची पीक पाहणी, आईचं केवायसी आणि आजीचा व्हिडिओ कॉल. एकाच किमतीची योजना दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू विकते.

आईच्या केवायसीचं उदाहरण ताजं आहे. लाडकी बहीण योजना जुलै 2024 मध्ये सुरू झाली, महिन्याला 1,500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने लाभार्थी महिलांना ई-केवायसी सक्तीचं केलं आणि त्यासाठी मुदत ठरवून दिली. आधार क्रमांक टाका, ओटीपी घ्या, मग पती किंवा वडिलांचं आधार, त्यांचा ओटीपी. राज्यभरातल्या महिला एकाच संकेतस्थळावर गेल्या आणि ओटीपी येत नाही, पान उघडत नाही, या तक्रारींनी वर्तमानपत्रं भरली. ज्यांना घरून जमलं नाही त्या सेवा केंद्राकडे गेल्या. वस्तीवरून मलकापूर किंवा बांबवड्याला यायचं तर एसटीचं तिकीट, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि केंद्राची फी.

अंगणवाडी सेविकांचंही तेच. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आलं. निकृष्ट फोन आणि न चालणारं ॲप यांना कंटाळून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले होते. जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. चेहऱ्याचा फोटो म्हणजे पुन्हा डेटा, पुन्हा वेग. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटोसह. फोटो चढला नाही तर मजुरी अडकते.

या प्रत्येक सक्तीमागे काही चांगला हेतू असेल. बोगस नोंदी थांबाव्यात, पैसा थेट पोचावा. पण या प्रत्येक सक्तीने एक गोष्ट गृहीत धरली आहे: नागरिकाच्या खिशात चालणारं नेट आहे. एकीकडे शासन असं गृहीत धरतं. दुसरीकडे शासनाच्याच परवान्यावर चालणाऱ्या कंपन्यांना ते नेट दुपारी दोन वाजता आठ किलोबाइटवर आणायची मुभा आहे. या दोन गोष्टी एका घरात सोबत नांदू शकत नाहीत.

कंपनीची बाजू

कंपन्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. मोबाईलचं जाळं सामायिक असतं. एका टॉवरच्या एका दिशेला जेवढी क्षमता असते, ती त्या वेळी तिथे असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. लहरी मर्यादित, त्या लिलावात हजारो कोटींना घेतलेल्या. एकाने दिवसभर पिक्चर उतरवत बसायचं आणि शेजाऱ्याचा कॉलही लागू नये, हे न्याय्य नाही. म्हणून वापराला काहीतरी शिस्त हवी.

डोंगरी भागात तर हे जास्तच खरं. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, झाडीतून आणि भिंतीतून आत शिरतात, म्हणून दऱ्याखोऱ्यांत त्यांचा आधार. पण त्यांचा पट्टा अरुंद असतो. टॉवरपासून लांब, कड्याच्या आडोशाला असलेल्या फोनला तेवढाच डेटा द्यायला टॉवरचा जास्त वेळ खर्च होतो. शिवाय टॉवर पुढे मुख्य जाळ्याशी कशाने जोडला आहे हेही महत्त्वाचं. फायबर पोचलेली नसेल तर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर मायक्रोवेव्हने डेटा पाठवतात. धरणात पाणी भरपूर आणि शेतात जाणारी चारीच अरुंद, तशी तिथली गत. गणपतीला मुंबईकर गावी आले, जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला हजारो तरुण आले, की हीच चारी तुंबते.

हे सगळं मान्य. पण मग शिस्त गर्दीशी बांधलेली असायला हवी. कोट्यानंतरचा 64 चा नियम गर्दी पाहत नाही. हा वेग टॉवरवर ठरतच नाही. कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत प्रत्येक सिमचा हिशेब चालू असतो आणि कोटा संपला की तिथून त्या सिमला बांध घातला जातो. रात्री अकरा वाजता आंब्याच्या टॉवरवर पाच फोन जागे असतील, क्षमता रिकामी पडली असेल, तरी कोटा संपलेल्या फोनला आठ किलोबाइटच मिळतात. आणि संध्याकाळी आठला टॉवर खचाखच भरला असेल, तेव्हा एकोणीस रुपये भरणाऱ्याला पुन्हा पूर्ण वेग खुला होतो. गर्दी तीच, टॉवर तोच, फक्त एकोणीस रुपये आले. गर्दीच्या नियमनासाठी असलेला नियम असा वागत नाही. जादा पाकीट विकायचा नियम असा वागतो.

त्या पाकिटाचाही हिशेब मांडू. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओची 28 दिवसांची, रोज दीड जीबीची योजना 239 वरून 299 रुपये झाली. 28 दिवसांचे 42 जीबी होतात, म्हणजे एका जीबीला सात रुपयांच्या आसपास. त्याच वेळी एक जीबीचं जादा पाकीट जिओचं 15 वरून 19 आणि एअरटेलचं 19 वरून 22 रुपये झालं. म्हणजे कोट्याबाहेरचा एक जीबी कोट्यातल्या जीबीच्या अडीच ते तीन पट महाग. उलट ज्या दिवशी कोटा उरतो, त्या दिवशीचा उरलेला डेटा बहुतेक योजनांत मध्यरात्री संपून जातो. शेतात राबलेल्या दिवशी वापरलेला अर्धा जीबी आणि उरलेला एक जीबी, दोन्हीचे पैसे सारखेच भरलेले असतात.

कंपनी बदलून पाहावी, असा सल्ला कुणी देईल. 1900 वर एसएमएस केला की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ही सोय चांगली आहे. पण बदलून जायचं कुठे? 64 वरून 64 वर, नाहीतर 40 वर. शिवाय वस्तीवर रेंज येते ती बऱ्याचदा एकाच कंपनीची. निवड करायला दुसरी वस्तू दुकानात असावी लागते.

तारेला तळ आहे, हवेला नाही

ट्रायने वेग कमी करण्याच्या या धोरणाची दखल फार आधी घेतली आहे. जुलै 2012 मध्ये त्यांनी कंपन्यांना सांगितलं की किती डेटापर्यंत किती वेग आणि त्यानंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळवा. 31 ऑक्टोबर 2016 चा आदेश त्याच्या पुढे गेला. घरात तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचा कोटा संपला तरी वेग 512 केबीपीएसच्या खाली आणता येणार नाही, असं त्यात म्हटलं. मोबाईलसाठी मात्र त्याच आदेशाने फक्त माहिती देण्याचं बंधन घातलं. किमान वेगाचं बंधन घातलं नाही.

म्हणजे तारेच्या नेटला तळ आहे आणि हवेतल्या नेटला नाही. ही एकच ओळ शाहूवाडीच्या बाजूने वाचून पाहा. मलकापूर, बांबवडे अशा बाजारगावांत फायबरची जोडणी घेता येते. भारतनेट आणि महानेट या योजनांनी ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं काम हाती घेतलं. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून वाडीवरच्या, धनगरवाड्यावरच्या घरापर्यंतचं अंतर अजून हवेनेच कापलं जातं. ज्याच्याकडे तार आहे त्याला 512 चा तळ, आणि ज्याच्याकडे हवेशिवाय काहीच नाही त्याला तळच नाही. संरक्षणाची गरज ज्याला सर्वांत जास्त, तोच उघड्यावर राहिला.

2016 मध्ये या फरकाला कारण होतं. तेव्हा मोबाईलची जाळी नवी होती, क्षमता कमी होती, आणि मोबाईल नेटला घरच्या नेटचा जोडधंदा मानत. आज देशातलं बहुतेक इंटरनेट मोबाईलवरच चालतं. जानेवारी 2023 मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान 2 एमबीपीएस वेग असलेल्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं. सरकारच्या स्वतःच्या मापाने पाहिलं तर कोट्यानंतरचा वेग ब्रॉडबँडच्या एकतिसाव्या हिश्श्याएवढा आहे.

मोबाईलच्या नेटला तळ घालणं नियामकाला जमणार नाही असं नाही. जुलै 2020 मध्ये व्होडाफोन आयडियाची रेडएक्स आणि एअरटेलची प्लॅटिनम योजना ट्रायने रोखून धरल्या. जास्त पैसे भरणाऱ्यांना जास्त वेगाचं आश्वासन त्यांत होतं. तो वेग इतर ग्राहकांच्या वाट्यातून जाणार का, हा ट्रायचा प्रश्न होता. प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत गेलं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची, डेटा नसलेली योजना देणं बंधनकारक केलं, कारण साधा फोन वापरणाऱ्यांना नको असलेल्या डेटाचे पैसे भरावे लागत होते. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सेवागुणवत्तेच्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला मुदतवाढ किंवा बिलात सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे योजनेच्या पोटात हात घालायचा अधिकार नियामकाकडे आहे आणि तो वापरलाही गेला आहे.

दुसरीकडे काय झालं

अमेरिकेत हा वाद लवकर पेटला. एटी अँड टी कंपनीने 2011 पासून आपल्या अमर्याद डेटाच्या ग्राहकांचा वेग ठरावीक वापरानंतर उतरवायला सुरुवात केली, काहींचा तर महिन्याला दोन जीबीनंतरच. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर 2014 मध्ये कंपनीवर दावा लावला. अमर्याद म्हणून विकलं आणि महत्त्वाची अट नीट सांगितली नाही, हा आरोप. 2019 मध्ये कंपनीने 6 कोटी डॉलर भरायचं मान्य करून तडजोड केली. त्याआधीच, 2015 मध्ये, तिने जुन्या अमर्याद ग्राहकांसाठी नियम बदलला होता: 22 जीबीनंतर, आणि तेही टॉवरवर खरोखर गर्दी असेल तेव्हाच वेग कमी. गर्दी पाहून वेग ठरवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, याचा हा दहा वर्षांपूर्वीचा पुरावा.

दुसरी घटना जास्त अंगावर येते. 2018 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो परिसरात प्रचंड वणवा पेटला. सांता क्लारा जिल्ह्याच्या अग्निशमन दलाची एक गाडी तिथे दळणवळणाचं केंद्र म्हणून काम करत होती. माणसं, यंत्रं, बंब कुठे आहेत हे ती इंटरनेटवरून सांभाळत होती. तिची जोडणी व्हेरायझनची, योजना अमर्याद म्हणून घेतलेली. कोटा संपला आणि वेग दोनशेव्या हिश्श्यावर आला. दलाने कंपनीला वेग परत करायला सांगितलं, तेव्हा महागडी योजना घ्या, असं उत्तर मिळालं. जवानांनी स्वतःचे फोन वापरून काम पुढे नेलं. नंतर कंपनीने आपल्या ग्राहकसेवेची चूक मान्य केली. आणीबाणीत बांध काढून टाकायचं आपलं धोरण होतं, ते पाळलं गेलं नाही, असं तिने सांगितलं.

शाहूवाडीकरांना यातलं काय घ्यावं ते सांगायला नको. जुलै 2021 च्या पावसात आंबा घाट खचला आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता बंद झाला. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात हा जिल्हा काय भोगून बसला ते ताजं आहे. अशा दिवशी एखाद्या सरपंचाच्या, तलाठ्याच्या, आशाताईच्या फोनचा कोटा दुपारी संपला, तर दरड कोसळल्याचा फोटो तालुक्याला पोचायला सहा मिनिटं लागणार, आणि तेही रेंज टिकली तर. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यात कोट्याचा बांध आपोआप उठायला हवा. कंपनीच्या मर्जीने नको, नियमाने हवा.

मागायचं काय

एक सोपा उपाय सुचवला जातो: सरकारी संकेतस्थळं कोट्यातून वगळा, ती नेहमी पूर्ण वेगाने आणि फुकट चालू द्या. ऐकायला बरा वाटतो, पण तो घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. 2015 मध्ये याच मुद्द्यावर देशात मोठी चळवळ झाली, दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने कुठल्या संकेतस्थळावर जाता यावरून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी घातली. 2018 मध्ये सरकारने इंटरनेटवर भेदभाव नको हे तत्त्व परवान्यांच्या अटींत आणलं. हे संरक्षण मोलाचं आहे. कुणाचं पान वेगाने जाईल हे कंपनीने ठरवायला लागलं, तर उद्या शेतकऱ्याला सरकारी पान उघडेल आणि बाजारभावाचं उघडणार नाही. आईला केवायसी करता येईल आणि लेकीला अभ्यासाचं पान उघडणार नाही. नागरिकाला लागतं ते सगळं इंटरनेट, त्यातला मंजूर केलेला तुकडा नव्हे.

म्हणून मागणी तळाची हवी. कोटा संपल्यावर मोबाईलचाही वेग 512 केबीपीएसच्या खाली जाणार नाही, एवढी. तारेसाठी हा आकडा ट्रायनेच ठरवला आहे, नवा शोधायची गरज नाही. 512 वर एक एमबीला सोळा सेकंद लागतात, अडीच एमबीचं पान चाळीस सेकंदांत उघडतं, ओटीपीच्या मुदतीत अर्ज भरून होतो, पिकाचा फोटो पाऊण मिनिटात चढतो. पिक्चर उतरवायला हा वेग कंटाळवाणाच राहील, त्यामुळे कंपन्यांची महागडी योजना विकायची वाट बंद होत नाही. ज्या क्षणी टॉवर खरोखर भरलेला असेल तेव्हा सगळ्यांचाच वेग उतरेल, ते मान्य. रिकाम्या टॉवरवर बांध नको, एवढंच म्हणणं.

दुसरी मागणी माहितीची. कोट्यानंतरचा वेग रिचार्जच्या पोस्टरवर किमतीशेजारी, किमतीएवढ्या अक्षरात आणि मराठीत छापला जावा. अमेरिकेत एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक इंटरनेट योजनेचा तक्ता दाखवावा लागतो, खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतो तसा. त्यात वेग, किंमत आणि योजनेत किती डेटा येतो हे असतं. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर फॅट छापलेलं असतं. डेटाच्या पाकिटावरही त्याचं सत्त्व छापता येईल.

तिसरी गोष्ट कायद्याच्या भाषेतली. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं. शासनाच्या सेवा डिजिटल होत असतील तर त्या दुबळ्या माणसालाही गाठता आल्या पाहिजेत, असा त्याचा गाभा. तो निकाल मोबाईलच्या वेगाबद्दल नाही. पण हक्क मान्य झाला की त्या हक्काची वाट किती रुंद हवी हा प्रश्न येतोच.

हे सगळं दिल्लीत ठरायचं असलं तरी तालुक्यातून करता येण्यासारखं बरंच आहे. ट्रायचं मायस्पीड नावाचं मोफत ॲप 2016 पासून आहे. त्यावर वेग मोजला आणि आकडा सतत 0.06 एमबीपीएसच्या आसपास स्थिर दिसला, तर ते नियमाचं काम आहे. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर डोंगराचं किंवा गर्दीचं. तिन्ही कारणं वेगळी ओळखायची ही साधी रीत शाळांतल्या मुलांनाही जमेल. कोटा शिल्लक असताना वेग पडत असेल तर 198 वर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. आणि ट्राय जेव्हा एखाद्या विषयावर सल्लामसलतीचा मसुदा काढतं, तेव्हा कुणीही नागरिक, कुठलीही ग्रामसभा त्यावर लेखी मत पाठवू शकते.

2015 च्या चळवळीचा अपवाद सोडला तर आजवर ती मतं बहुतेक कंपन्यांनी, त्यांच्या संघटनांनी आणि महानगरांतल्या जाणकारांनी पाठवली. तालुक्याचा आवाज त्यात नव्हता, आणि म्हणून 2016 चा आदेश लिहिताना तारेचं घर दिसलं, हवेवर जगणारं घर दिसलं नाही. येत्या वर्षी शाहूवाडीतल्या ग्रामसभांनी एक ठराव करावा: ‘कोटा संपल्यानंतर मोबाईल डेटाचा किमान वेग 512 केबीपीएस असावा आणि आपत्तीच्या काळात हा बांध पूर्ण उठावा.’ दोन ओळींचा ठराव, खाली सह्या, सोबत मायस्पीडवरच्या मोजण्या. तालुक्यातल्या गावागावांतून असे कागद ट्रायकडे गेले, तर दुकानात मावशींनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी पहिल्यांदाच रिचार्जवाल्या पोराच्या खांद्यावरून उतरेल आणि ज्यांनी तो नियम लिहिला त्यांच्याकडे जाईल.